डी ड्राइव्हमधल्या ओव्या

"सासूबाईंच्या ओव्या गेल्या हो! पुतण्या म्हणतो डिस्क उडाली, फॉरमॅट मारावं लागेल." लॅपटॉप काउंटरवर ठेवतानाच काकूंचा गळा दाटून आला होता. सासूबाई आता नाहीत. जात्यावर बसून म्हटलेल्या त्यांच्या ओव्या एवढ्या त्या लॅपटॉपमध्ये उरल्या होत्या.

विंडोजच्या जोडीला पुतण्याने उबुंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून दिली होती. ओव्या होत्या डी ड्राइव्हवर, म्हणजे डिस्कच्या विंडोज पद्धतीच्या भागावर, एनटीएफएस पार्टिशनवर, आणि तो ड्राइव्ह उबुंटूत माउंटच होईना, म्हणजे वापरायला जोडलाच जाईना. हे दुखणं माझ्या ओळखीचं. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं. शट डाउन केलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि पार्टिशन अडवून ठेवतं. अशा वेळी जबरदस्तीने माउंट करायचा सल्ला बरेच जण देतात. मी ते करत नाही, दुसऱ्याच्या एकुलत्या एका प्रतीवर तर नाहीच. विंडोजमध्ये गेलो, फास्ट स्टार्टअप काढलं, नीट शट डाउन केलं.

आता ड्राइव्ह उघडला. 'पहाटेच्या ओव्या', 'माहेरच्या ओव्या' अशी सगळी नावं दिसली. पहिलीवर डबल क्लिक केलं, तर व्हीएलसी हा प्लेयर म्हणे फाइल उघडता येत नाही. माझ्याही पोटात गोळा आला. डिस्कची स्मार्ट तपासणी केली, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद पाहिली. खराब सेक्टर एकही नाही. मग तीच फाइल होम फोल्डरमध्ये कॉपी करून लावली.

आधी नुसती जात्याची घरघर. मग बांगड्या किणकिणल्या, आणि त्यावर म्हातारीचा खणखणीत आवाज. काकूंनी पदर तोंडाला लावला.

म्हणजे फाइल शाबूत होती, आडवा येत होता तो प्लेयर. कर्नलचा, म्हणजे उबुंटूच्या गाभ्याचा, लॉग पाहिला, तर अ‍ॅपआर्मर या उबुंटूच्या पहारेकऱ्याने व्हीएलसीला अडवल्याच्या ओळीच ओळी. हे व्हीएलसी स्नॅपमधून, म्हणजे उबुंटूच्या प्रोग्राम बसवायच्या एका पद्धतीने, बसवलेलं होतं. स्नॅपचा प्रोग्राम कुंपणात चालतो: होममधलं वाचतो, पण मीडिया फोल्डरखाली माउंट झालेल्या ड्राइव्हसाठी त्याला 'रिमूव्हेबल मीडिया' ही वेगळी परवानगी लागते. इथे ती बंद होती. टर्मिनलवर स्नॅप कनेक्टची एक ओळ, आणि डी ड्राइव्हवरूनच ओव्या वाजू लागल्या. पुतण्याचं ऐकून फॉरमॅट मारलं असतं तर, या विचाराने अजून अंगावर काटा येतो.

लगेच दोन पेनड्राइव्हवर प्रती काढायला घेतल्या. कॉपी चालू असताना काकूंनी मला खूण करून थांबवलं. "ही नीट ऐका. हिच्यात माझ्या थोरल्याचं नाव गुंफलंय त्यांनी."