पासाऊ पुठ्ठ्यात, अपडेट ५: दोन नद्या जमल्या, एक फसली

मंडळी, तीन आठवडे काही लिहिलं नाही कारण दाखवण्यासारखं काही नव्हतं, जे होतं ते लपवण्यासारखं होतं. आता बऱ्यापैकी निस्तरलंय म्हणून सांगते.

जे नव्याने वाचतायत त्यांच्यासाठी थोडक्यात. मी म्युनिकला राहते आणि गेल्या हिवाळ्यापासून आमच्या डायनिंग टेबलच्या अर्ध्या भागावर पासाऊ हे गाव पुठ्ठ्यात उभं करतेय. जर्मनीच्या पार आग्नेय टोकाला, ऑस्ट्रियाच्या सीमेला चिकटलेलं, पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. तिथे तीन नद्या भेटतात, डोनाऊ म्हणजे आपण शाळेत वाचलेली डॅन्यूब, दक्षिणेकडून आल्प्समधून येणारी इन, आणि उत्तरेकडून बव्हेरियन जंगलातून येणारी छोटीशी इल्त्स. स्केल १:५०००, बोर्ड ६० बाय ४० सेंटिमीटर, म्हणजे जमिनीवरचा ३ बाय २ किलोमीटरचा तुकडा. बव्हेरिया सरकारने उंचीचा लायडार डेटा (विमानातून लेझरने केलेली मोजणी) फुकट उपलब्ध करून दिलाय, तो क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून दर ५ मीटरची कंटूर, म्हणजे समान उंचीची रेषा, काढली, प्रिंट पुठ्ठ्यावर चिकटवली आणि कटरने कापत बसले. पुठ्ठा २ मिलिमीटरचा (स्केलप्रमाणे १ हवा), त्यामुळे उंची दुप्पट दिसते. हो, माहितीये, शुद्धतावादी लोक नाक मुरडणार, पण खऱ्या प्रमाणात केलं असतं तर डोंगर पापडासारखे दिसले असते.

आता या खेपेची पहिली गोष्ट, जी खरं तर अपडेट ३ मध्येच लक्षात यायला हवी होती. जुनं गाव, म्हणजे आल्टश्टाट, डोनाऊ आणि इन यांच्या मधल्या चिंचोळ्या जिभेवर आहे. माझ्या बोर्डावर ही जीभ वीतभर लांबीची. आणि सगळे थर लावून झाल्यावर बघते तर समोरच्या काठावर किल्ल्याचा कडा चांगला चार सेंटिमीटर ताडकन उभा, आणि ज्या गावासाठी हा सगळा उपद्व्याप मांडला ते गाव दोन थरांत संपलेलं! दोन पुठ्ठे. त्यात कुठली गल्ली चढाची, कुठली उताराची, काहीच कळेना. शेवटी जिभेपुरते दोन्ही थर सोलून काढले (ब्लेडने, दीड संध्याकाळ, एक बोट जखमी) आणि तेवढ्याच भागाला दर १ मीटरची कंटूर दिली, त्यासाठी ०.४ मिलिमीटरचं कार्डशीट वापरलं. मग एकदम गाव दिसायला लागलं. मधोमध पाठीचा कणा, त्यावर कॅथेड्रल, आणि दोन्ही बाजूंना पाण्याकडे घसरत जाणाऱ्या गल्ल्या. प्रत्यक्ष चालताना पायाला जे जाणवतं ते आता हाताला जाणवतं.

किल्ल्याबद्दल थोडं बोलू द्या, कारण तो माझा आवडता थर आहे. फेस्टे ओबरहाउस, डोनाऊच्या पाण्यापासून शंभरेक मीटर वर. १२१९ मध्ये बिशप उलरिच दुसरा याने बांधायला घेतला. पासाऊचे बिशप नुसते पूजाअर्चा करणारे नव्हते, ते इथले राजे होते, आणि ते राज्य थेट १८०३ पर्यंत टिकलं. त्यांचा धर्मप्रांत डोनाऊच्या काठाने खाली खाली पार व्हिएन्नाच्या पुढपर्यंत पसरलेला, व्हिएन्नाला स्वतःचा बिशप मिळाला तो १४६९ मध्ये. व्हिएन्नाचं ते प्रसिद्ध कॅथेड्रल सेंट स्टीफनच्या नावाने आहे कारण तो संत मूळचा पासाऊच्या कॅथेड्रलचा. तर हा किल्ला म्हणे शत्रूपासून रक्षणासाठी. पण तुम्ही मॉडेलसमोर डोळे टेबलाच्या पातळीला आणून बघा, किल्ला कोणाच्या डोक्यावर बसलाय? गावाच्याच. १२९८ आणि १३६७ मध्ये गावकऱ्यांनी बिशपविरुद्ध बंड केलं आणि दोन्ही वेळा ते मोडून काढलं गेलं. चार सेंटिमीटरचा कडा बघितला की का ते वेगळं सांगावं लागत नाही. पुस्तकात वाचताना हे माझ्या डोक्यावरून गेलं होतं, खरंच सांगते.

आता नद्या. इथे माझी फजिती.

पासाऊची जाहिरातच तीन रंगांची आहे, निळी डोनाऊ, हिरवी इन, काळी इल्त्स. निळी वगैरे कवीकल्पना आहे, मी चार वेळा गेलेय, डोनाऊ मला दर वेळी मातकट-हिरवटच दिसली. इनचं मात्र खरं, आल्प्समधल्या हिमनद्यांनी दगड दळून केलेलं पीठ ती घेऊन येते, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी दुधट हिरवं. इल्त्सच्या उगमाकडे कुजलेल्या वनस्पतींची दलदलीची जमीन आहे, म्हणून तिचा रंग कोऱ्या चहासारखा. आणि जिभेच्या टोकाला, जिथे तिन्ही भेटतात, तिथे पाणी लगेच मिसळत नाही, बरंच अंतर पट्टे वेगवेगळे दिसतात. मला नेमकं तेच हवं होतं.

पहिल्या प्रयत्नात मी शहाणीने तिन्ही रंगांचं इपॉक्सी रेझिन (ओतल्यावर काचेसारखं कडक होणारं रसायन) एकाच दुपारी ओतलं. संध्याकाळपर्यंत संगमावर जे तयार झालं त्याला नवरा म्हणाला, "अगं, ही पालकाची आमटी आहे." बरं तेवढ्यावर भागलं नाही. इनच्या काठाला मी पुठ्ठ्याच्या कडा सील केल्याच नव्हत्या. कच्चा पुठ्ठा म्हणजे स्पंजच, रेझिन थरांच्या आत शिरलं आणि सकाळी बघते तर इनच्या दक्षिणेचा सगळा इनश्टाट भाग हिरव्या डागांनी भरलेला. खऱ्या गावाला पूर येतो, माझ्या गावालाही आला. तीन थर फेकले, पुन्हा कापले.

दुसऱ्या वेळी धडा घेऊन सगळ्या कडांना पातळ केलेल्या लाकडाच्या गोंदाचे दोन हात दिले, मध्ये नीट वाळू दिलं. आधी डोनाऊ ओतली, ती काकवीसारखी घट्ट होईपर्यंत थांबले (माझ्याकडच्या रेझिनला खोलीच्या तापमानाला तीनेक तास लागले, तुमच्या डब्यावर काय लिहिलंय ते बघा), मग इन ओतून दोन्हींच्या सीमेवर टूथपिकने हलकेच एक लांब रेघ ओढली. जमलं! हिरवा पट्टा उजव्या बाजूने येतो आणि डोनाऊला डाव्या काठाकडे रेटतो, अगदी फोटोत दिसतं तसं.

रेटतो असं लिहिलं ते मुद्दाम. वर्षभराची सरासरी काढली तर संगमापाशी इन डोनाऊपेक्षा जास्त पाणी आणते. बर्फ वितळायच्या दिवसांत तर तिचाच दरारा, हिवाळ्यात मात्र डोनाऊ पुढे. शिवाय इन उथळ आणि पसरट, डोनाऊ खोल, त्यामुळे वरून बघताना सगळीकडे हिरवाच रंग पसरलेला दिसतो. व्हिडिओ कॉलवर आईला मॉडेल दाखवत होते तर तिने नेमकं विचारलं, "अगं पण जास्त पाणी आणते ती इन, मग पुढे नाव डोनाऊचं कसं?" मी म्हटलं डोनाऊ लांबून येते, दिशाही तीच पुढे चालू राहते. आई म्हणे, "सासरी गेल्यावर नाव बदललं असेल बिचारीचं." तेव्हा मी सांगितलं की जर्मनमध्ये डोनाऊ बाई आहे आणि इन पुरुष. आई दोन सेकंद गप्प. मग म्हणाली, "म्हणजे घरजावई म्हण ना." तेव्हापासून आमच्या घरी इनला घरजावईच म्हणतात आणि मीही त्याला इथून पुढे 'तो' म्हणणार आहे.

या घरजावयाचं जुनं रेकॉर्ड पण बघा. रोमन काळात इन म्हणजे दोन प्रांतांची सीमा होता, पश्चिमेला रेटिया, पूर्वेला नोरिकम. जिभेवर बाटाविस नावाचं ठाणं, तिथे ठेवलेल्या बटावियन सैनिकांवरून पडलेलं नाव, त्याचंच घासून घासून पासाऊ झालं. पलीकडच्या काठावर बोयोडुरुम, ते वेगळ्या प्रांतात. म्हणजे आज पूल ओलांडून पाव आणायला जाता तिथे एके काळी हद्द बदलायची. इनश्टाटमधल्या उत्तर-रोमन काळातल्या किल्ल्याचा पाया १९७४ मध्ये बालवाडीसाठी खोदताना सापडला, आता तिथे म्युझियम आहे. मी पाया कोरलाय मॉडेलमध्ये, अर्ध्या नखाएवढा, भिंग घेऊन बघावा लागतो पण आहे.

इल्त्स अजून जमलेली नाही. एका लेयरला काळा पिगमेंट घातला तर डांबर दिसायला लागलं, मग नुसता तपकिरी घातला तर गटार. काल रात्री झोपताना सुचलं की तिचं पाणी गढूळ नाहीच मुळी, ते स्वच्छ आहे, फक्त गडद आहे. म्हणजे रंग पाण्यात नको, तळाला हवा. आता तळ गडद तपकिरी रंगवून वर जवळजवळ पारदर्शक रेझिन, त्यात चहाच्या रंगाचा एखादा थेंब, असं करून बघणार. कोणी केलं असेल तर कृपया सांगा, माझ्याकडे रेझिन एकाच प्रयत्नापुरतं उरलंय. आणि हो, जिथे इल्त्स मिळते त्या इल्त्सश्टाटमधून एके काळी मिठाची खेचरं निघायची. आल्प्सकडचं मीठ साल्त्साख आणि मग इन नदीतून होडीने पासाऊला यायचं, इथे उतरायचं, आणि खेचरांच्या पाठीवरून जंगल ओलांडून बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, प्राखातित्सला जायचं. त्या वाटेचं नाव गोल्डनर श्टाइग, सोन्याची वाट. परतीला धान्य. बिशपचं राज्य चाललं ते बरंचसं या मिठावर. मी ती वाट पांढऱ्या दोऱ्याने दाखवलीये, बोर्डाच्या कडेपर्यंतच, पुढे टेबल संपतं.

घरांचं काम निम्म्यावर आलंय. या स्केलला घर म्हणजे ३ मिलिमीटरचा तुकडा, त्यामुळे पुठ्ठ्याच्या पट्ट्या रंगवून चिमट्याने चिकटवतेय. एक गंमत लक्षात ठेवा, पासाऊत उतरती लाल छपरं सगळीकडे लावू नका. १६६२ च्या आगीत गाव जवळपास जळून गेलं, १६८० मध्ये पुन्हा आग. इन-साल्त्साख पट्ट्यातल्या गावांसारखी इथेही पुढची भिंत वर उचलून छप्पर तिच्यामागे लपवायची पद्धत आहे, आग एका छपरावरून दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून. रस्त्यावरून बघितलं तर घरांना छप्परच नाही असं वाटतं, त्यामुळे हे गाव जर्मनपेक्षा इटालियन जास्त दिसतं. त्यात आगीनंतर बांधकामाला माणसंही इटालियन आली. कॅथेड्रल १६६८ पासून कार्लो लुरागोने नव्याने उभारलं, पण पूर्वेकडचा गॉथिक भाग आगीतून वाचला होता तो तसाच ठेवून. म्हणून एका बाजूने बघितलं तर बरोक, मागून बघितलं तर गॉथिक, जणू दोन वेगळ्या इमारती पाठीला पाठ लावून बसल्यात. आत १७,९७४ पाइपांचा ऑर्गन आहे, तो अर्थातच मॉडेलमध्ये नाही, इमारतच माझ्याकडे दोन सेंटिमीटरची आहे. तिचे तीन हिरवे घुमट कशाचे करावे यावर एक आठवडा गेला. मणी मोठे दिसले, खसखस बारीक. शेवटी फोडणीच्या डब्यातले तीन राईचे दाणे, त्यांना हिरवा रंग. राईचा पर्वत ऐकला होता, मी राईचं कॅथेड्रल केलं.

आता ज्यासाठी दर १ मीटरची कंटूर कापली त्याकडे येते. रातहाउस, म्हणजे नगरपालिकेच्या टॉवरवर, डोनाऊच्या बाजूला, पुरांच्या खुणा रंगवलेल्या आहेत, प्रत्येक रेघेशेजारी साल. मागच्या वेळी मी त्याखाली उभी राहून फोटो काढला. १९५४ ची रेघच माझ्या डोक्याच्या कितीतरी वर आहे, तेव्हा पाणी १२.२० मीटरला गेलं होतं. त्याच्या वर ३ जून २०१३, १२.८९ मीटर. आणि त्याच्याही वर एकच, १५०१ च्या ऑगस्टची. एरवी याच मापावर नदी साडेचार-पाच मीटरला शांत वाहत असते. २०१३ ला आल्प्समधल्या पावसाने घरजावई फुगून आले आणि त्यांनी डोनाऊला तुंबवून मागे रेटलं, त्यात वरून तिचं स्वतःचं पाणी. ओसरल्यावर घराघरांत गाळ, तो उपसायला विद्यापीठातली पोरं शेकड्यांनी फावडी घेऊन उतरली होती.

१२.८९ चा हिशोब समुद्रसपाटीच्या उंचीत केला तर ती पातळी ३०० मीटरच्या कंटूरच्या अगदी जवळ येते. म्हणून मी ओएचपीची जुनी पारदर्शक शीट घेतली, ३०० ची रेषा तिच्यावर उतरवली, कापली, आणि काल रात्री नवरा झोपल्यावर टेबलावरचा दिवा लावून ती गावावर ठेवली. इनच्या बाजूचा पांढरा गोल शायब्लिंग टॉवर अर्धा शीटच्या खाली गेला. रातहाउसच्या समोरचं सगळं गेलं. जिभेचं टोक, जिथे मी बाकावर बसून आइसक्रीम खाल्लं होतं, ते तर दिसेचना. शीटला मधोमध एक लांबट भोक उरलं, आणि त्या भोकातून राईचे तीन दाणे तेवढे वर आलेले.

शीट थोडी वाकलीये, ती उद्या पुस्तकाखाली दाबून ठेवते. मग डोनाऊवरच्या लुइटपोल्ड पुलाच्या केबल, शिवणाचा दोरा मेण लावून. आणि इल्त्सच्या रंगाचं तेवढं सांगा, शनिवारी ओतायचीये.