दोन भावंडांची बारा गाणी

आज सुट्टी होती आणि बाहेर पावसाची रिपरिप चालली होती, म्हणून कार्पेंटर्स या अमेरिकी भावंडांचा १९७३ चा निवडक गाण्यांचा संग्रह, ‘द सिंगल्स : १९६९–१९७३’, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत एका बैठकीत ऐकला.

निवडक गाण्यांचे संग्रह म्हणजे कंपनीने जुना माल नव्या वेष्टनात विकणे, असे माझे (काहीसे उद्धट) मत होते. येथे मात्र रिचर्ड कार्पेंटरने जुन्या ध्वनिमुद्रणांवर पुन्हा हात फिरवला, काही गाणी छोट्या वाद्यसंगीताच्या दुव्यांनी एकमेकांना जोडली आणि १९६९ च्या ‘तिकीट टू राइड’साठी बहीण कॅरनचा आवाज नव्याने ध्वनिमुद्रित केला, त्यामुळे बारा सुटी गाणी न वाटता सलग मैफल ऐकल्यासारखे वाटते. हा संग्रह अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर पोहोचला होता.

‘गुडबाय टू लव्ह’मध्ये टोनी पेलुसोची खरखरीत इलेक्ट्रिक गिटार अचानक उसळते, तेव्हा हातातला चहाचा कप तसाच राहिला. इतक्या मृदू गाण्यात हा आवाज शोभेल, हे सुचणेच धाडसाचे.

कॅरन मुळात ड्रमवादक होती आणि स्वतःलाही ती आधी तेच मानत असे. तिचा खर्जाकडे झुकणारा आवाज कुठेही जोर लावत नाही, जणू शेजारी बसून बोलतो आहे. १९८३ मध्ये, अवघ्या ३२ व्या वर्षी, ती गेली. शेवटचे गाणे संपल्यावर मी पुन्हा पहिले लावले.