तुम्ही विचारलंत म्हणून: गोवा सैन्याने सोडवला, मग लिबियात का नको?

डिसेंबर उजाडला की हा प्रश्न येतो. पुण्याहून येतो, सावंतवाडीहून येतो, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही कोणीतरी पिशवी खाली ठेवून विचारतोच. "तुम्ही गोंयकार. चौदा वर्षं अर्ज-विनंत्या झाल्या, सत्याग्रही गोळ्या खाऊन मेले, काही हललं नाही. डिसेंबर १९६१ मध्ये सैन्य शिरलं आणि छत्तीस तासांत पाखले, म्हणजे पोर्तुगीज, गेले. मग इराक, लिबियाच्या वेळी तुमच्याच कपाळाला आठ्या का?"

उभ्या उभ्या दिलेलं उत्तर दर वेळी अर्धवट राहतं, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

बरीच वर्षं मी एक सोपं उत्तर देत असे: गोव्यात परकं सैन्य आलंच नव्हतं, आपलंच आलं होतं. आता ते देववत नाही. ऑगस्ट १९९० मध्ये सद्दामने कुवेत गिळला तेव्हा त्याचंही म्हणणं हेच होतं, की हा आमचाच तुटलेला तुकडा. गोव्यातल्या कितीतरी घरांची चूल तेव्हा कुवेतच्या पगारावर पेटत होती, त्यांना त्या 'आपलंच'चा अर्थ नीट कळला. क्रिमियाबद्दल मॉस्को २०१४ मध्ये वेगळं काय म्हणालं? फरक आहे, नाही असं नाही. आग्वादच्या तुरुंगात गोव्याचीच माणसं कोंडलेली होती आणि मालक दुसऱ्या खंडात बसून हुकूम सोडत होता. पण हा फरक 'आपलंच' या शब्दातून सिद्ध होत नाही. आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने १९६९ च्या एका निकालात गोव्याचा प्रदेश जिंकून जोडून घेतला, याच पायावर पुढचा निवाडा केला होता. 'मुक्ती' हा शब्द आपला, मलाही तोच आवडतो. कायद्याच्या पुस्तकात मात्र जिंकणं आणि जोडणं आहे.

म्हणून मी १९ डिसेंबर, म्हणजे मुक्तीचा दिवस, बाजूला ठेवून दुसरा दिवस, २० डिसेंबर बघतो.

मोहिमेचे प्रमुख जनरल कँडेथ लष्करी राज्यपाल झाले आणि जून १९६२ मध्ये मुलकी नायब राज्यपालांच्या हाती कारभार देऊन गेले. मार्च १९६२ च्या कायद्याने ठरवलं, की पोर्तुगीज काळचे कायदे रद्द होईपर्यंत चालू राहतील. आपण आजही ज्या नागरी संहितेखाली लग्नाची नोंद करतो ती १८६७ ची, ती अशी टिकली. जुन्या राजवटीचे नोकर वाऱ्यावर सुटले नाहीत. त्यांना सामावून घ्यायला १९६५ मध्ये संसदेने वेगळा कायदाच केला. डिसेंबर १९६३ मध्ये मतदान झालं आणि दिल्लीत राज्य करणाऱ्या पक्षाला इथल्या मतदाराने घरी बसवून महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या भाऊसाहेब बांदोडकरांना निवडलं. आत शिरलेल्याला दोन वर्षांत तिथल्याच लोकांनी हरवावं आणि त्याने ते मुकाट्याने मान्य करावं, याचं दुसरं उदाहरण तुम्ही मला सांगा.

आता इराक. बगदाद ९ एप्रिल २००३ ला पडलं. २३ मे रोजी अमेरिकेने नेमलेले प्रशासक पॉल ब्रेमर यांनी आदेश क्रमांक २ काढला: इराकी सैन्य बरखास्त. कागद दोन-चार पानांचा. सुमारे चार लाख माणसांचा पगार एका सहीने थांबला. बंदूक चालवायचं शिक्षण अंगात, दारूगोळ्याची कोठारं राखणीविना, घरी पोरं उपाशी. महिन्याभराने भत्ता जाहीर झाला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्याच जुलैत अमेरिका भारताकडेही एक डिव्हिजन मागत होती, सतरा हजारांच्या आसपास जवान. १४ जुलैला दिल्लीने नकार कळवला. तो नकार देणारं सरकार मला फारसं प्रिय नव्हतं, पण त्या एका दिवसासाठी मी त्यांना मार्क देतो.

इराकबद्दल मी पहिल्यापासून बरोबर होतो, म्हणून त्यात शिकण्यासारखं कमी. चुकलो लिबियात.

१७ मार्च २०११ चा सुरक्षा परिषदेचा ठराव १९७३ मला पटला होता. हुकूमशहा गद्दाफीची फौज बंडखोरांच्या बेनगाझी शहराच्या वेशीवर होती. ठरावात म्हटलं होतं, नागरिकांच्या रक्षणासाठी सर्व आवश्यक उपाय करा, मात्र परक्या सैन्याने कोणत्याही रूपात ताबा घ्यायचा नाही. भारत तटस्थ राहिला, ब्राझील, चीन, रशिया आणि जर्मनीही. मला तो कचखाऊपणा वाटला. वरून वाचवा, खाली उतरू नका, यापेक्षा स्वच्छ काय असेल?

तेव्हाच्या त्या मला मी आज एवढंच दाखवेन, की घोळ नेमका त्याच कलमात होता. ताबा घेणाऱ्या सैन्यावर हेग आणि जिनिव्हाच्या नियमांनी बंधनं येतात: सुव्यवस्था ठेव, अन्न आणि औषधं पुरव, तिथले कायदे शक्यतो मोडू नकोस. आकाशातून आलेल्याला यातलं काहीच लागू नाही. वसाहतवाद नको म्हणून घातलेल्या कलमाने दुसऱ्या दिवसाची जबाबदारीच पुसून टाकली. ऑक्टोबरच्या २० तारखेला गद्दाफी मारला गेला, ३१ तारखेला नाटोने मोहीम बंद केली. अकरा दिवस.

त्यानंतरचं दुखणं टोळ्यांच्या बंदुकांपेक्षा मला धरणांत जास्त दिसतं. देर्ना हे समुद्राकाठचं शहर, वर्षभर कोरड्या असणाऱ्या नदीच्या तोंडावर वसलेलं. वर दोन धरणं, १९७० च्या दशकात बांधलेली: १३ किलोमीटरवर अबू मन्सूर, २.२५ कोटी घनमीटरचं, आणि शहराच्या अगदी डोक्यावर, एका किलोमीटरवर, १५ लाख घनमीटरचं दुसरं. आपल्या गोव्यातल्या साळावली धरणात २३ कोटींहून जास्त मावतं, म्हणजे ही किरकोळच. दगडांचा भराव, मध्ये चिकणमातीचा गाभा, आणि जादा पाणी जायला विहिरीसारखा उभा सांडवा.

अशा सांडव्याची खोड अशी: पाणी काठावरून आत पडतंय तोवर पातळी चढेल तसा विसर्ग झपाट्याने वाढतो. एकदा तोंड बुडालं, की खालच्या नळात मावेल तेवढंच जातं. पातळी आणखी चढली तरी विसर्ग जेमतेम वाढतो. मग पाणी धरणमाथ्यावरून ओसंडतं. काँक्रीटचं धरण हे थोडा वेळ सोसतं, भरावाचं नाही. खालच्या उताराचे दगड आधी सुटतात, गाभा उघडा पडतो आणि माती विरघळल्यासारखी निघून जाते. वरचं धरण फुटलं, की खालच्याला पुराऐवजी भिंतच येऊन आदळते.

भेगा १९९८ च्या पाहणीतच सापडल्या होत्या, तिसरं धरण बांधा असंही सांगितलं गेलं होतं. दुरुस्तीचं कंत्राट २००७ मध्ये एका तुर्की कंपनीला मिळालं. पैशांच्या रडगाण्यात तीन वर्षं गेली, काम २०१० च्या अखेरीस सुरू झालं, आणि काही महिन्यांतच उठाव झाला. कामगार मायदेशी गेले ते गेलेच. पुढे लेखापरीक्षकांनी नोंदवलं, की २०१२ आणि २०१३ साठी मंजूर झालेले वीस लाखांवर डॉलर वापरलेच गेले नाहीत. वापरणार कोण? २०१४ पासून सरकारंच दोन. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री 'डॅनियल' वादळ आलं. जवळच्या अल-बैदात २४ तासांत ४१४ मिलिमीटर पाऊस पडला. पणजीलाही तो झेपला नसता, मग तिथली गोष्टच सोडा. दोन्ही धरणं फुटली, शहराचा मधला भाग समुद्रात गेला, माणसं हजारोंनी मेली. २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने बारा अधिकाऱ्यांना तुरुंगात धाडलं.

लगेच म्हणू नका, की धरणं नाटोने फोडली असं मी म्हणतोय. भेगा दिसल्यावरची तेरा वर्षं गद्दाफीचीच होती. वादळ कोणाचं ऐकत नाही. हे सगळं मान्य. पण रखडलेलं का होईना, कंत्राट होतं, त्यावर सही करणारं खातं होतं, बिल थकलं तर दार ठोठवायला एक ऑफिस होतं. क्षेपणास्त्राला ऑफिस नसतं. ब्रिटिश संसदेच्या समितीने २०१६ मध्ये लिहिलं, की बेनगाझीचा धोका फुगवून सांगितला गेला आणि पुढची आखणीच नव्हती. ओबामांनीही त्याच वर्षी दुसऱ्या दिवसाची तयारी न करणं ही आपली बहुधा सर्वांत मोठी चूक म्हणून कबूल केली. कबुलीने भराव दुरुस्त होत नाही, असं मी म्हणतो तेव्हा समोरचा विचारतो, मग बेनगाझी मरू द्यायचं होतं? रवांडा १९९४ मध्ये मरू दिला तसा? तिथे वाचवायला वेळेत कोणी गेलं नाही आणि शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं कापली गेली. यावर मी गप्प बसतो. ढाक्यात आपलं सैन्य गेलं आणि मार्च १९७२ पर्यंत परतलंही, हे माझ्या विरुद्ध जातं. श्रीलंकेत जाफन्यात करार करून, बोलावल्यावरून गेलं आणि बाराशेच्या घरात जवान गमावून १९९० मध्ये परतलं, हे माझ्या बाजूचं. पण दोन्ही वेळा सैन्य तेच, देश तोच. मग नियम कुठला काढू?

आणि खरं अडचणीचं पुढेच आहे. गोव्यात २० डिसेंबर नीट गेला तो भारताने गोवा पूर्ण घेतला म्हणून. जबाबदारी टाळायला जागाच उरली नाही. म्हणजे लिबियात ज्याला मी सगळ्यात आधी विरोध केला असता, तीच गोष्ट माझ्या घरात उपयोगी पडली. त्यातही आम्हाला विचारलं गेलं ते १६ जानेवारी १९६७ ला, पाच वर्षांनी, आणि चिन्हं दोनच: फूल की दोन पानं. महाराष्ट्रात जायचं की केंद्रशासित राहायचं. (मराठीत लिहिणाऱ्याने फुलाची बाजू घ्यावी असं गृहीत धरून चिडवू नका, ते भांडण वेगळं.) खाणींचे पोर्तुगीज परवाने रद्द करणारा कायदा तर १९८७ मध्ये झाला आणि तो लागू केला २० डिसेंबर १९६१ पासून. छत्तीस तासांचं काम, आणि हिशेब सव्वीस वर्षांनीही त्याच तारखेला येऊन थांबतो.

छत्तीस तासांचंही श्रेय सगळं आपलंच समजू नका. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारचा हुकूम होता: शरणागती नाही, जिंका नाही तर मरा. बाणस्तारीचा पूल उडवला गेला, पण पणजीच्या गल्ल्यांतून घरोघर लढाई झाली नाही, कारण गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हा यांनी तो हुकूम पाळला नाही. मायदेशी परतल्यावर त्यांना सैन्यातून काढून टाकलं, मान परत मिळाला तो १९७४ च्या क्रांतीनंतर. १९८० मध्ये ते गोव्याला आले, तेव्हा इथल्या लोकांनी त्यांचं आपुलकीने स्वागत केलं. सैन्य पाठवा म्हणणाऱ्यांनी पलीकडच्या बाजूला असा एक माणूस असेल, हे आपल्या आराखड्यात कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला कळवावं.