आमची वाटचाल : दांडिया बाजारातल्या एका फ्रीजपासून

पाळीव सापांसाठी गोठवलेले उंदीर विकायचा आमचा हा बडोद्यातला धंदा माझ्या मुलाच्या कॉर्न स्नेकमुळे, म्हणजे अमेरिकेतल्या बिनविषारी पाळीव सापामुळे, सुरू झाला. तेव्हा आम्ही जिवंत उंदीरच द्यायचो, आणि एकदा साप कात टाकायच्या बेतात होता म्हणून खाईना, उंदीर रात्रभर टँकमध्येच राहिला, सकाळी बघतो तर सापाच्या पाठीवर तीन ठिकाणी लाल मांस दिसतंय. उपाशी उंदीर सापालाच कुरतडतो हे त्या दिवशी कळलं. दोन महिने मलम लावत होतो.

मग गोठवलेलेच द्यायचं ठरवलं. पण बाहेरचा माल कुठला, सापळ्यात पकडलेला असेल तर पोटात उंदराचं औषध असायचं, म्हणून घरीच पांढरे उंदीर पाळले. उंदरीण १९-२१ दिवसांत विते, एका वेताला सहा ते बारा पिल्लं, तेव्हा संख्येची अडचण नव्हतीच, अडचण वासाची, आणि आईची. ती म्हणाली, "अरे, गणपतीचं वाहन आहे ते." मी म्हटलं, आई, त्रास नाही होऊ देणार. तो शब्द पाळणं हाच आमचा धंदा आहे असं मी मानतो.

कारण पहिल्यांदा उंदीर मारायला कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर मी एकदम सोडला आणि उंदीर डब्यात सैरावैरा पळाले. ते अजून डोळ्यासमोर येतं. आता गॅस किती वेगाने जातो ते मोजणारा फ्लो मीटर लावलाय, गॅस हळूहळू भरतो, आधी ते सुस्त होतात, झोपतात, मग श्वास थांबतो. पिंकींना, म्हणजे केस न आलेल्या पिल्लांना, खूप जास्त वेळ लागतो, ती कमी ऑक्सिजनमध्येही तग धरतात, तिथे घाई करायचीच नाही. जिवंत पिल्लू फ्रीजरमध्ये टाकणारे लोक आहेत, आमच्याकडे ते कधीच होणार नाही.

नंतर कोरडे करून ट्रेवर एकेक सुटा ठेवायचा, उणे १८ अंशांच्या खाली गोठवायचा, मग हवा काढून पिशवीत. पिंकी, फझी (नुकती लव आलेलं पिल्लू), हॉपर (उड्या मारायला लागलेलं पिल्लू), मोठा, असं वजनावर वेगळं करतो.

ऑगस्ट २०२४ चा पूर बडोद्यात कोण विसरेल, विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी २५ आहे. मकरपुऱ्याच्या आमच्या शेडमध्ये पाणी नाही आलं पण लाईट गेली ती तिसऱ्या दिवशी आली, दोन्ही डीप फ्रीजरमधला माल मऊ पडलेला. दोघातिघांनी फोन केला, दादा अर्ध्या भावात द्या, परत गोठवून घेतो. नाही दिला. वितळलेल्या मालात जंतू वाढतात, परत गोठवून ते मरत नाहीत, पोट बिघडवणारा साल्मोनेला तर नाहीच. सगळा चुना टाकून पुरला, गणपतीच्या तोंडावर हात रिकामे, पण जनरेटर त्यानंतरच घेतला, कर्ज काढून.

घेणाऱ्यांना एवढंच सांगतो, रात्रभर फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात वितळवा, मग पिशवीसकट कोमट पाण्यात, मायक्रोवेव्ह नको, हात साबणाने धुवा. आकार सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढा. बॉल पायथनवाल्यांनी (आफ्रिकेतला छोटा अजगर) केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवरची नोंदणी करून घ्या, आणि धामण किंवा आपला अजगर घरात ठेवला असेल तर आम्ही माल देत नाही, तो गुन्हा आहे, वनखात्याला कळवा.

नवीन लॉट सोमवारी निघतो. फझी कमी आहेत, आधी फोन करून या.