आप्पांची इंजिनं

धुळ्यात 'इंजिन' म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते विहिरीवरचं, काळा धूर सोडणारं धूड. आप्पा गेल्यावर माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून निघालेली इंजिनं मात्र तळहातावर मावणारी होती. भंगारवाल्याने एक उचलून बघितलं. "हाई काय शे?" विमानाचं इंजिन म्हटल्यावर त्याने आधी माझ्याकडे आणि मग आकाशाकडे पाहिलं. "अल्युमिनियम शे भाऊ, किलोवर लिसू."

आप्पा, म्हणजे माझे मोठे काका, ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. तिथे मिग ही लढाऊ विमानं आणि घरी बाल्सा या हलक्या लाकडाची खेळण्यातली विमानं. उन्हाळ्यात पांझरेच्या कोरड्या पात्रात मधोमध उभं राहून, दोन तारांच्या टोकाला विमान बांधून ते स्वतःभोवती गरगर फिरायचे.

आता प्रश्न आला, कुठलं इंजिन कुठल्या जातीचं हे ओळखायचा. आधी डोकं बघायचं. वर आडव्या दांडीचा स्क्रू असेल तर ते डिझेल. त्यात ठिणगी नाही, नुसत्या दाबावर इंधन पेटतं आणि तो दाब स्क्रूने कमीजास्त करायचा. त्या अर्थाने ते विहिरीवरच्या इंजिनाचं सख्खं भावंडच. डोक्यात चिमुकला प्लग असेल तर ग्लो इंजिन. त्यातली प्लॅटिनमची तार एकदा बॅटरीने तापवली की पुढे मेथॅनॉलवर आपोआप लाल राहते. हे प्लग बाजारात आले १९४७च्या सुमारास, म्हणजे तसलं इंजिन त्याआधीचं म्हणून कुणी विकत असेल तर नमस्कार करून निघावं.

मग आकडे, म्हणजे सिलिंडरचं आकारमान. इंग्रज सीसीत मोजणार, अमेरिकन घनइंचात. अमेरिकन कॉक्स कंपनीचं .०४९ म्हणजे जेमतेम ०.८ सीसी, .१५ म्हणजे अडीच. नाव पुसलेलं असेल तर व्हर्नियरने सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक मोजून हिशेब काढता येतो. गल्ल्यांनासुद्धा नावाऐवजी नंबर देणाऱ्या गावातल्या माणसाला हे जड जात नाही.

मॉडेलच्या डिझेलचं इंधन म्हणजे ईथर, रॉकेल आणि एरंडेल, साधारण सारख्या भागांत. ईथर कुठल्या कंपाउंडरकडून यायचं हे कुणी विचारत नसे. रॉकेल रेशनचं. काकूच्या मते घरातलं निम्मं एरंडेल पोरांच्या पोटात जायचं आणि निम्मं आप्पांच्या विमानात. तेच एरंडेल वर्षानुवर्षं आत सुकून डिंकासारखं घट्ट होतं आणि इंजिन जाम होतं. अशा वेळी पकड लावून जोर करणाराचे हात बांधून ठेवावेत. केस वाळवायच्या ड्रायरने हळूहळू शेक दिला की बहुतेक इंजिनं निमूटपणे फिरू लागतात. आणि ब्रासो तर लावूच नये. जुना काळपटपणा हा संग्राहकांना मळ नव्हे, दागिना वाटतो.

किमतीचं गणित मला अजून पटलेलं नाही. कधीच न चाललेलं, खोक्यातलं, कागदपत्रांसह असलेलं इंजिन सगळ्यात महाग. पेटीतल्या 'मिल्स' या इंग्लिश छापाच्या दोन इंजिनांपैकी एक १.३ सीसीचं, अस्सल. हे मॉडेल १९४६ पासूनचं, पण आप्पांनी त्याची इंधन कमीजास्त करायची सुई लेथवर स्वतः बनवून बसवली होती. मूळ सुईपेक्षा बारीक काम. तरी पुण्याच्या एका जाणकाराने फोटो बघून भाव खाली आणला, कारण सुई 'मूळची नाही'. दुसरं देशी नक्कल, त्याला गिऱ्हाईकच नाही. काकू सांगते, नदीत सगळ्यात जास्त उडालं ते हेच. म्हणजे काम केल्याचा दंड. आणि विक्रेते मागतात तो भाव धरून चालू नये, माल प्रत्यक्षात कितीला गेला ते बघावं. बैलबाजारात उभं राहिलेल्याला हे सांगायला नको.

खोक्यासह निघालं ते एकच, जपानी एन्या कंपनीचं. त्यात घडी घातलेलं बिल होतं. बिलामुळे भाव वाढतो म्हणून मी आनंदाने आकडा मोठ्याने वाचला. काकू तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. त्या महिन्यात आप्पांनी तिला सांगितलेली किंमत याच्या निम्मीसुद्धा नव्हती.

"बाकीना डबाबी उघाड," ती म्हणाली.