‘दूध आलं तर’

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न नेहमीचाच: सातव्या महिन्यात ‘सहा महिने फक्त अंगावरचंच पाजणार’ म्हणणारी मुलगी बाळंतपणानंतर चौथ्याच दिवशी पावडरचा डबा का मागवते? बडोद्यात रावपुऱ्याजवळच्या एका प्रसूतिगृहात मी 22 वर्षं नर्स होते. माझ्या मते तिचं ठरलेलंच नसतं. नीट ऐका, ती म्हणते, ‘पाजीन की, दूध आलं तर.’

हा ‘तर’ बहुतेक वेळा माहेरून येतो. ‘मला तरी कुठे पुरलं होतं?’ असं म्हणणाऱ्या दांडिया बाजारातल्या एका आजींना मी खोदून विचारलं. तर म्हणे, दुसऱ्याच दिवशी बाळ रडायला लागलं, सासूबाईंनी वाटी-चमच्यानं गाईचं दूध सुरू केलं. अहो, दूध भरून येतं तेच दोन-चार दिवसांनी! तोवर चमचाभर चीक, आणि बाळाचं पोट तरी केवढं? वरचं मिळालं की ते अंगावर ओढत नाही, आणि ओढलं नाही की दूध आटतं. घरात मात्र ‘आमच्याकडच्या बायकांना दूध नसतं’ एवढंच उरलं, आणि तेच लेकीच्या डोक्यात बसलं.

‘फक्त’चा अर्थही घरोघरी वेगळा. शेजारच्या गुजराती घरात गळथूथी, म्हणजे जन्मल्यावर बाळाला चाटवलेलं गुळाचं पाणी, आपल्याकडे सहाणेवर उगाळलेली घुटी. ती कुणी वरच्यात धरतच नाही. मध नाही, पाणीसुद्धा नाही, म्हटलं की माणसं माझ्याकडेच संशयानं बघतात.

नोकरीचा हिशेब वेगळाच. 2017 पासून कायद्यानं 26 आठवड्यांची रजा आहे, पण त्यातले 8 बाळंतपणाआधीच घेतले तर मागे 18 उरतात. दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानात तर तो कायदाच लागू होत नाही. अशी मुलगी सातव्या महिन्यातच बाटली घेऊन ठेवते. तिला काय बोलणार?

म्हणून मी गरोदर मुलीला आधी विचारायची, बाळंतपणाला कोण येणार? पुढच्या तपासणीला त्यांनाच घेऊन ये. अशाच एक सासूबाई आल्या. आईच्या दुधात निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच असतं, वरून लागत नाही, हे त्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं. उठताना हळूच म्हणाल्या, “मे महिना होता हो. मी माझ्या मुलाला रोज उकळलेलं पाणी पाजायची.”

मी म्हटलं, “आमच्या आईनंही मला पाजलं होतं, काकू. बसा, चहा घ्या.”