टाइप ९९ अरिसाका: डस्ट कव्हर बसलं एकदाचं, मोनोपॉड बाकी

मंडळी अपडेट. डस्ट कव्हर (बोल्टवरचं पत्र्याचं झाकण) बसलं, बोल्टबरोबर, म्हणजे गोळी भरायला ओढायच्या दांड्याबरोबर, मागेपुढे सरकतंय आणि मधेच अडकत नाहीये, म्हणजे हे प्रोजेक्ट आता अर्धवट कपाटात जाणार नाही एवढं नक्की.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टाइप ९९ अरिसाका ही दुसऱ्या महायुद्धातली जपानी रायफल, आणि मी तिची एअरसॉफ्ट रेप्लिका घरी बनवतोय. मी जपानमध्ये सैतामात राहतो, वीकेंडला चिबाच्या फील्डवर सबागे म्हणजे आपलं एअरसॉफ्ट (प्लास्टिकच्या छोट्या गोळ्या मारणाऱ्या खोट्या बंदुकांचा खेळ) खेळतो, आणि आमच्या ग्रुपला हिस्टॉरिकल गेमचं वेड आहे, म्हणजे गणवेशापासून पाण्याच्या बाटलीपर्यंत सगळं त्या वर्षाचं पाहिजे. पुढच्या गेमचा विषय ब्रह्मदेश सीमा, १९४४ चा मार्च. त्यात मणिपूरमधल्या सांगशाकची लढाई आहे, जिथे जपानी ३१ व्या डिव्हिजनच्या ५८ व्या रेजिमेंटसमोर ५० व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर आपली चौथी मराठा बटालियन होती. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरतात आणि मला आली जपानी. ग्रुपमधल्या एका काकांना आली ब्रिटिश-इंडियन, ते स्टेन (ब्रिटिश सबमशीनगन) घेऊन खूश आणि मी मराठ्यांच्या समोर अरिसाका घेऊन. चालायचंच.

आता मुद्द्याचं. टाइप ९९ करायची म्हणजे कुठल्या वर्षाची करायची हे आधी ठरवा, बाकी सगळं त्यावर आहे. बहुतेक जण १९४५ ची शेवटची आवृत्ती करतात, कारण त्यात काहीच नसतं, नेम धरायचं मागचं साइट म्हणजे एक फिक्स भोक, बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) लाकडाची, बोल्टचा नॉब साधा दंडगोल, डस्ट कव्हर नाही, मोनोपॉड नाही, लेथचे ओरखडे तसेच. करायला सोपी आणि दिसायला एकदम नाट्यमय. पण त्या बंदुका बहुतेक मेनलँडच्या बचावासाठी जपानमध्येच राहिल्या, त्या १९४४ च्या मार्चमध्ये मणिपूरच्या डोंगरात कशा पोचतील? खरं तर ब्रह्मदेशात जुनी ६.५ मिमीची टाइप ३८ पण भरपूर होती आणि ती घेतली असती तर कोणी काही बोललं नसतं, पण ती १२७ सेंमीच्या वर लांब, झाडीत घेऊन पळायचं म्हणजे दिव्य. म्हणून ७.७ ची आखूड टाइप ९९, १११ सेंमीच्या आसपास, आणि तीही सुरुवातीच्या काळातली, सगळ्या लटांबरासकट.

आणि लटांबर म्हणजे खरंच लटांबर. तारेचा एक पाय, मोनोपॉड, जो बंदुकीला धड आधार देत नाही. मागच्या साइटवर दोन्ही बाजूंना उघडणारे पंख, विमानावर नेम धरताना किती पुढे मारायचं ते बघायला, म्हणजे पाच गोळ्यांच्या बोल्ट ॲक्शन रायफलने विमान पाडायचं ही कल्पना ज्या साहेबाला सुचली त्याला साष्टांग नमस्कार. आणि पत्र्याचं डस्ट कव्हर, जे चालताना इतकं खडखडतं की बरेच सैनिक ते काढून टाकायचे असं सांगतात. म्हणजे सगळ्यात जास्त मेहनत मी अशा पार्टांवर करतोय जे खऱ्या शिपायाने पहिल्या आठवड्यात फेकले असते. ग्रुपमध्ये एकाने सुचवलं की मग तूही फेकल्याचं दाखव, काम वाचेल. नाही दाखवणार. फेकायचं असेल तर आधी असायला पाहिजे ना.

बेस म्हणून सेकंडहँड व्हीएसआर टाइपची (एअरसॉफ्टमधलं एक स्नायपर मॉडेल) स्प्रिंग बोल्ट ॲक्शन घेतली. रेडीमेड अरिसाका मिळतात इथे, पण किंमत बघून परत ठेवल्या, आणि मला करण्यातच मजा येते. मापं कुठून, असं मागच्या वेळी विचारलं होतं कोणीतरी. जपानमध्ये कायमच्या निकामी केलेल्या खऱ्या रायफली कायदेशीर विकत मिळतात, त्यातली एक टाइप ९९ काकांकडे आहे, ती कॅलिपर घेऊन तासनतास मोजली, काकूंनी चहा आणून ठेवला तो तसाच गार. फक्त तिच्यावरचं सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल, म्हणजे जपानी सम्राटाचं चिन्ह, घासून काढलेलं आहे, शरणागतीनंतर जमा झालेल्या पुष्कळ रायफलींचं तसं केलेलं दिसतं, त्यामुळे फूल फोटोवरून काढावं लागलं. ज्यांना टाइप ३८ आणि ९९ मध्ये गोंधळ होतो त्यांनी फुलाजवळचं गॅस होल (गॅस बाहेर जायचं भोक) बघा, ३८ ला दोन, ९९ ला एक. रेप्लिकांमध्येही हे चुकलेलं दिसतं आणि मग मला त्या गेमभर दुसरं काही दिसत नाही.

रिसीव्हर (बंदुकीचा मधला भाग, ज्यात बोल्ट सरकतो) म्हणजे मूळ सिलिंडरच्या वर रेझिनचं थ्रीडी प्रिंट कवच, नळी ॲल्युमिनियमच्या पाइपने लांब केली, आतली इनर बॅरल आहे तशीच. बोल्टचा दांडा खाली वाकलेला होता तो कापून सरळ आडवा केला आणि टोकाला अंड्यासारखा नॉब स्टीलमध्ये टर्न करून घेतला. बोल्टच्या मागचा सेफ्टीचा नॉब तळहाताने दाबून फिरवायचा असतो, तो माझ्याकडे फिरतो पण शोभेचा आहे, खरी सेफ्टी म्हणजे मूळचं लिव्हर, ते कव्हरखाली दडवलंय. बीबीचं (एअरसॉफ्टच्या प्लास्टिकच्या गोळ्या) मॅगझिन फ्लोअरप्लेटच्या आत गेलं, ट्रिगर गार्डच्या आतला खटका दाबला की झाकण खाली उघडतं आणि मॅगझिन हातात येतं. हे जमलं तेव्हा मी बायकोला उठवून दाखवलं, तिची प्रतिक्रिया इथे लिहिण्यासारखी नाही.

कव्हर ०.८ मिमी पत्र्याचं, पाइपवर हळूहळू वाकवलं, कडा आत दुमडून रिसीव्हरच्या दोन बाजूंच्या खाचांत. खाच रेझिनची असल्यामुळे पत्रा ती खाणार हे दिसत होतं, म्हणून आत पितळेची पट्टी चिकटवली, आता आवाज बदलला, रेझिनवर कुरकुरत होतं ते आता मस्त खडखडतं.

स्टॉकवर, म्हणजे बंदुकीच्या लाकडी भागावर, मात्र सगळ्यात जास्त जीव लावला. अरिसाकाचा बट एका लाकडाचा नसतो, वरचा आणि खालचा असे दोन तुकडे जोडलेले असतात, त्यामुळे लाकूड वाचतं आणि बट पिळत नाही. बाजूने एक सांधा आडवा जाताना दिसतो आणि रेप्लिकावाले पुष्कळदा तो नुसता कोरून दाखवतात. मी खरंच दोन तुकडे जोडले, अक्रोडाचे, इथल्या ओढून कापायच्या करवतीने, बाल्कनीत. (बाल्कनीत फक्त लाकूडकाम हं, बंदुकीसारखं दिसायला लागलं की सगळं आत, शेजाऱ्यांना उगाच पोलिस बोलवायला लावू नका.)

फिनिशिंगला खऱ्या स्टॉकवर उरुशी, म्हणजे जपानी झाडाचा चीक. आपल्या बिब्ब्याचाच भाऊबंद तो, आणि बिब्बा उततो तसाच उततो, हात सुजलेले लोक मी बघितलेत. म्हणून मी काशू वापरलं, इथे डब्यात मिळतं, काजूच्या टरफलातल्या तेलापासून बनवतात आणि दिसायला जवळपास उरुशी. कोकणातल्या लोकांना टरफलाच्या तेलाने काय होतं ते सांगायला नको, पण डब्यातल्या काशूचा सहसा तसा त्रास होत नाही. पातळ हात, मधे वाळवून घासायचं, परत हात. जाड लावलंत तर वरून वाळतं आणि आत ओलंच राहतं. रंग लालसर तपकिरी येतो, नवीन असताना जरा जास्तच चकचकीत, तो वापरून वापरून मरू द्यायचा, सँडपेपरने मुद्दाम मारायचा नाही असं माझं मत आहे.

पॉवर विचारणाऱ्यांसाठी: इथे मर्यादा ०.९८ जूल, म्हणजे ०.२ ग्रॅम बीबीला सेकंदाला ९९ मीटरच्या आत. माझी ९० ला येते, साधारण ०.८१ जूल, आणि तिथेच ठेवणार आहे, उन्हाळ्यात आकडा सरकतो आणि गेटवरच्या क्रोनोला (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) फेल होऊन दिवसभर फोटो काढत बसायची हौस नाही. टाइप ३० संगीन पण हवी आहे, मूळ पातं ४० सेंमीचं, पण फील्डवर रबराचीच चालते आणि ते बरंच आहे. संगीन लावून धावून येणारा माणूस बघितला की पोरं घाबरून पाय घसरून पडतात, त्यात पातं खरं नको.

राहिलं काय, तर साइटचे पंख (पितळेचा पत्रा आणि फाइल, एक झाला, दुसरा त्याच्या जोडीचा दिसत नाहीये अजून), चामड्याचा पट्टा, आणि मोनोपॉड. मोनोपॉडची तार वाकवून तयार आहे पण मधल्या बँडला ती घडी झाल्यावर कशी अडकते ते काकांच्या रायफलीवर कळत नाही, कारण तिचा मोनोपॉड गायब आहे, कुणीतरी तेव्हाच फेकलेला दिसतोय. कोणाकडे खालून काढलेला जवळचा फोटो असेल तर टाका, १९४२ च्या आसपासच्या रायफलीचा असेल तर उत्तमच.